घरचा कॉर्डलेस फोन आणि त्याचे निरोपयंत्र

टेलिफोनची घंटी वाजली की घरातील माणूस हातातले काम टाकून धावतो. ही सवय फार जुनी आहे. टेलिफोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, परगावचा ट्रंक-कॉल नोंदवून तासन् तास ताटकळत बसावे लागे, त्या काळाने ती लावली. मध्ये ऑपरेटर न घेता परगावी थेट नंबर फिरविण्याची सोय भारतात प्रथम १९६० साली लखनौ आणि कानपूर या दोन शहरांमध्ये झाली. इतर गावांना ती मिळण्यास पुढे कित्येक वर्षे जावी लागली. अशा दिवसांत वाजणारी घंटी वाया जाऊ देणे म्हणजे आलेला पाहुणा दारातून परत पाठविण्यासारखेच होते.

आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, आणि घरचा फोन पुष्कळ ठिकाणी गेला आहे. तरी तो सर्वस्वी गेलेला नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव किंवा पणजी येथील जुन्या मराठी घरांत, डॉक्टरांच्या दवाखान्यांत, वकिलांच्या बैठकीत तो अजून दिसतो. कोठे तो तांब्याच्या जुन्या तारेवर चालतो, कोठे इंटरनेटसाठी घेतलेल्या फायबरबरोबर आलेला असतो. अनेक ज्येष्ठ मंडळींना मोबाईलच्या काचेवर बोट फिरविण्यापेक्षा बटणे दाबून बोलणे सोयीचे वाटते, आणि त्यांचा घरचा नंबर साऱ्या नातेवाइकांना तोंडपाठ असतो.

परंतु याच घरांत घंटीमागे धावण्याचा धोका अधिक आहे. सत्तरी ओलांडलेली व्यक्ती स्नानगृहातून किंवा स्वयंपाकघरातून घाईने निघते. वाटेत ओली फरशी असते, उंबरठा असतो, सतरंजीची दुमडलेली कड असते. त्या वयात पडून खुब्याचे हाड मोडले, तर हिंडतेफिरते माणूस अंथरुणाला खिळू शकते. म्हणून फोन माणसाजवळ असावा, आणि तो वेळेवर घेता आला नाही तरी निरोप हुकू नये, या दोन गोष्टी वरवर चैनीच्या वाटल्या तरी चैनीच्या नाहीत. एकाच संचात या दोन्ही सोयी देणारे यंत्र म्हणजे निरोपयंत्रासह असलेला कॉर्डलेस फोन. तो निवडताना काय पाहावे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

या दोन कल्पनांपैकी निरोपाची कल्पना वयाने मोठी आहे. वाल्डेमार पौलसेन या डॅनिश इंजिनिअराने १८९८ साली पोलादी तारेवर चुंबकीय पद्धतीने आवाज साठविण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. टेलिफोनवरील निरोप नोंदवून ठेवणे हाही त्याच्या मनातील एक हेतू होता. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात त्याने हे यंत्र मांडले आणि ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोझेफ याचा आवाज त्यावर घेतला. ती तार आजही जपून ठेवलेली आहे. पुढे तारेची जागा फितीने घेतली, फितीची कॅसेटने आणि कॅसेटची लहानशा इलेक्ट्रॉनिक स्मृतीने. आजच्या निरोपयंत्रात फिरणारा एकही भाग नसतो. त्यामुळे फीत अडकणे, तुटणे किंवा ओलाव्याने चिकटणे हे जुने त्रास उरलेले नाहीत. कॉर्डलेस फोन मात्र त्या मानाने तरुण आहे. त्याची पेटंटे १९६० नंतरच्या दशकातील, आणि घरोघरी त्याचा प्रसार झाला तो १९८० नंतर.

कॉर्डलेस फोनला दोर नसला तरी तार असतेच. ती भिंतीपासून बेसपर्यंत येऊन थांबते. बेस आणि हातातला हँडसेट यांच्यामधला संवाद रेडिओलहरींनी चालतो. या लहरी कोणत्या पट्ट्यातल्या आहेत आणि त्यांवर आवाज कोणत्या रीतीने चढविलेला आहे, हा निवडीतील पहिला प्रश्न होय. आरंभीचे संच साध्या रेडिओसारखे होते. त्यांतून होणारे बोलणे शेजारच्या घरातील दुसऱ्या संचावर किंवा साध्या स्कॅनरवर ऐकू येई. नंतर २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील संच आले. पण त्याच पट्ट्यात वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह भट्टीही असल्याने त्यांत खरखर होते आणि इंटरनेटही अडखळते. असा जुना संच कोणी स्वस्तात देऊ केला, तरी तो घेऊ नये.

आज घरासाठी योग्य तो डेक्ट पद्धतीचा संच. १९९० नंतरच्या काही वर्षांत युरोपात ठरलेली ही पद्धत आहे. तीत आवाजाचे अंकांत रूपांतर होते, आणि एका सेकंदाच्या शंभराव्या भागाचे चोवीस तुकडे पाडून त्यांतील बारा बेसकडून हँडसेटकडे व बारा उलट दिशेने वापरले जातात. युरोपीय पट्ट्यात अशा दहा वाहक लहरी असतात. म्हणून एकाच इमारतीत अनेक बिऱ्हाडांचे फोन असूनही ते एकमेकांत मिसळत नाहीत; गर्दी झाली की संच आपण होऊन मोकळी जागा शोधतो. बोलणे सांकेतिक करून पाठविण्याची सोयही या पद्धतीत आहे. मात्र २००८ साली काही संशोधकांनी दाखवून दिले, की ती सोय सर्वच संचांत वापरलेली नसते, आणि तेथे बोलणे चोरून ऐकता येते. घरगुती गप्पांसाठी याची फारशी चिंता नको. पण बँकेचे गुप्त अंक सांगण्याची जागा कॉर्डलेस फोन ही नव्हे, कोणताच फोन नव्हे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

परदेशातून येणाऱ्या संचांचा प्रश्न मराठी कुटुंबांना विशेष लागू आहे. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असते, आणि सुट्टीला येताना आईवडिलांसाठी एक उत्तम फोन प्रेमाने घेऊन येते. खोक्यावर ‘डेक्ट ६.०’ असे छापलेले असते. सहा हा आकडा पाहून हा संच अधिक आधुनिक असावा असे वाटते. परंतु ते केवळ अमेरिकेतील बाजारासाठी दिलेले नाव आहे. युरोपात डेक्टचा पट्टा १८८० ते १९०० मेगाहर्ट्‌झ, तर अमेरिकेत १९२० ते १९३०. भारतासह पुष्कळ देशांत १९२० ते १९८० हा पट्टा मोबाईल फोनांना टॉवरकडे बोलण्यासाठी ठरविलेला आहे. म्हणजे अमेरिकेतून आणलेला तो निरुपद्रवी दिसणारा संच परिसरातील मोबाईल सेवेत व्यत्यय आणू शकतो, आणि त्याच्या स्वतःच्या बोलण्यातही अडथळा येऊ शकतो.

शिवाय तेथील वीज १२० व्होल्टची आणि येथील २३० व्होल्टची. केवळ तिकडच्या दाबासाठी बनविलेला अ‍ॅडॅप्टर येथे लावला तर तो जळून जातो. फोन करणाऱ्याचा नंबर पडद्यावर दाखविण्याच्या पद्धतीही निरनिराळ्या आहेत. भारतात विकण्यासाठी बनविलेले संच बहुधा एफएसके आणि डीटीएमएफ अशा दोन्ही पद्धती ओळखतात, परदेशचा संच तसे करीलच असे नाही. निरोपयंत्रालाही येथील लाइनचा बंद झाल्याचा स्वर कळला नाही, तर पलीकडच्याने फोन ठेवल्यावरही ते टूं टूं असा आवाजच नोंदवीत बसते. या सर्व कारणांस्तव संच भारतात, भारतासाठी बनविलेलाच घ्यावा. परदेशातील मुलांना हे आधीच कळविले, तर त्यांचे पैसे आणि वडीलधाऱ्यांचा संकोच दोन्ही वाचतात.

दुसरा प्रश्न घराचा. खोक्यावर मोकळ्या मैदानात ३०० मीटर आणि घरात ५० मीटर असा पल्ला छापलेला असतो. हे आकडे खोटे नसतात, पण ते प्रत्येक घराचे नसतात. ग्वाल्हेर-इंदूरकडील जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती, गोव्यातील जांभ्याची जाड बांधणी, आणि नव्या इमारतींतील लोखंडी सळ्यांचा स्लॅब या तिन्ही गोष्टी लहरींना रोखतात. पत्र्याचे छप्पर, लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि फ्रिज हेही तसेच. म्हणून बेस घराच्या एका टोकाला, दाराजवळच्या जुन्या टेलिफोनच्या कोनाड्यात ठेवण्यापेक्षा घराच्या मध्यावर, थोड्या उंचीवर आणि वाय-फायच्या पेटीपासून हात-दोन हात दूर ठेवावा. एका बेसवर बहुधा चार ते सहा हँडसेट नोंदविता येतात, आणि दुसऱ्या हँडसेटला टेलिफोनची तार लागत नाही, फक्त विजेचे खटके पुरतात. दुमजली घरात दोन हँडसेटांचा संच घेणे हे एकाच हँडसेटचा महाग संच घेण्यापेक्षा शहाणपणाचे. वरच्या मजल्यावरील आजोबांना खालून चहाला हाक मारण्याचीही त्यात सोय होते, कारण हे हँडसेट आपसांत बोलू शकतात.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विजेचा. जुना दोरीचा साधा फोन एक्स्चेंजच्या बॅटरीवर चालतो. ४८ व्होल्टचा तो प्रवाह तांब्याच्या तारेतूनच येतो, म्हणून घरात अंधार असला तरी तो फोन बोलतो. कॉर्डलेस फोनचे तसे नाही. बेसची वीज गेली की हँडसेटची बॅटरी कितीही भरलेली असली तरी फोन मुका होतो, आणि निरोपयंत्रही त्याच्याबरोबर. वळवाच्या पावसात बेळगाव-गोव्याकडे किंवा कडक उन्हाळ्यात माळव्यात वीज जाते, आणि नेमक्या त्याच वेळी एखाद्या आजारी माणसासाठी डॉक्टरांना बोलावण्याची पाळी येऊ शकते.

यावर उपाय साधा आहे. लाइन तांब्याची असेल, तर जुना दोरीचा फोन टाकून न देता त्याच लाइनवर समांतर जोडून ठेवावा. लाइन फायबरची असेल, तर मात्र ही युक्ती चालत नाही; कारण तेथे फोनला प्रवाह पुरविणारी पेटी घरातच असते आणि तीही विजेवरच चालते. अशा घरी ती पेटी आणि फोनचा बेस ही दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावी. त्यांना लागणारी वीज थोडी असते. विजा कडाडत असता मात्र तांब्याच्या लाइनवरील संचाची लाइन आणि अ‍ॅडॅप्टर दोन्ही काढून ठेवणे हिताचे, कारण पडणाऱ्या विजेचा झटका या दोन्ही वाटांनी येतो.

हँडसेटमधील बॅटरीबद्दलही दोन शब्द सांगावयास हवेत. बहुतेक संचांत निकेल-मेटल-हायड्राइड जातीचे दोन बारीक सेल असतात, प्रत्येक १.२ व्होल्टचा. दोन-तीन वर्षांनी ते थकतात, आणि बोलता बोलता फोन बंद पडू लागतो. पुष्कळ लोक तेव्हा फोन बिघडला असे समजतात. वास्तविक सेल बदलले की तो पूर्ववत चालतो. ज्या संचात बाजारात सहज मिळणारे सेल बसतात तो घ्यावा. विशिष्ट आकाराची स्वतंत्र बॅटरी लागणारा संच पुढे अडचणीत टाकतो. मात्र रिमोटमध्ये घालतात ते साधे सेल त्यात कधीही घालू नयेत. ते भरण्यासाठी नसतात. बेसवर ठेवल्यास ते तापतात, गळतात, क्वचित फुटतातही.

आता निरोपयंत्राकडे वळू. जाहिरातीत त्याची स्मृती किती मिनिटांची आहे हे ठळक अक्षरांत असते. सामान्य घराला पंधरा-वीस मिनिटे पुरेशी होतात; ऐकलेले निरोप पुसून टाकण्याची शिस्त असली म्हणजे झाले. स्मृती भरली की यंत्र नवा निरोप घेत नाही, आणि घरच्यांना मात्र कोणाचाच फोन आला नाही असे वाटत राहते. म्हणून मिनिटांपेक्षा तीन गोष्टी अधिक पाहाव्यात. पहिली, नवा निरोप आला आहे हे दाखविणारा दिवा बेसवर आणि हँडसेटवर स्पष्ट दिसतो का. दुसरी, निरोपाबरोबर वार आणि वेळ सांगितली जाते का. तिसरी, वीज गेल्यावर निरोप टिकतात का. काही संचांत निरोप टिकतात, पण घड्याळ पुसले जाते, आणि मग प्रत्येक निरोपाची वेळ चुकते. दुकानातच अ‍ॅडॅप्टर काढून पुन्हा लावून हे पाहता येते.

किती घंट्यांनंतर यंत्राने फोन घ्यावा हेही ठरविता येते. ज्येष्ठ माणसांच्या घरी हा आकडा मोठा ठेवावा, सहा किंवा सात. नाही तर माणूस हँडसेटपाशी पोहोचतो न पोहोचतो तोच यंत्र बोलू लागते, आणि धावपळ टळावी म्हणून आणलेले यंत्रच धावपळ वाढविते. काही संचांत आणखी एक सोय असते. नवा निरोप असल्यास यंत्र दुसऱ्या-तिसऱ्या घंटीलाच उत्तर देते, नसल्यास चौथ्या-पाचव्या घंटीला. बाहेरगावी गेलेल्या घरमालकाने आपल्याच घरी फोन केला आणि चौथी घंटी ऐकू आली, तर निरोप नाही हे जाणून तो फोन ठेवून देऊ शकतो, पैसे वाचतात. मिस्ड कॉलचे शास्त्र ज्या देशाने पूर्णत्वास नेले, त्या देशाला ही युक्ती समजावून सांगण्याची गरज नाही.

बाहेरून निरोप ऐकण्यासाठी एक सांकेतिक अंक लागतो. कारखान्यातून आलेला अंक बहुधा चार शून्ये किंवा तसाच सोपा असतो आणि तो पुस्तिकेत छापलेला असतो. तो पहिल्याच दिवशी बदलावा. तो न बदलणे म्हणजे कुलूप लावून किल्ली त्यालाच अडकवून ठेवणे.

यंत्रावर ठेवावयाचा आपला निरोप थोडक्यात आणि सावकाश असावा. ‘आम्ही पंधरा दिवस गावाला गेलो आहोत’ असे त्यात कधीही सांगू नये. चोराला याहून उपयुक्त बातमी दुसरी नाही. ‘नमस्कार. या क्षणी फोन घेता येत नाही. कृपया आपले नाव, नंबर आणि निरोप सावकाश सांगावा’ इतके पुरे. यंत्रात परक्या भाषेतील तयार निरोप असतो. तो तसाच ठेवल्यास घरची वृद्ध आत्या घाबरून फोन ठेवून देते. घरातीलच माणसाचा आवाज असला, की तिला धीर येतो. बृहन्महाराष्ट्रातील घरांनी मराठीबरोबर त्या गावच्या भाषेतही एक वाक्य ठेवावे. बेळगावला कन्नड, बडोद्याला गुजराती, इंदूरला हिंदी, गोव्यात कोंकणी, हैदराबादेस तेलुगू. शेजारधर्माचाच तो एक भाग आहे.

निरोपयंत्राचा आणखी एक उपयोग अलीकडे फार मोलाचा ठरला आहे. फोन करणारा निरोप सांगू लागला की त्याचा आवाज बेसच्या ध्वनिवर्धकातून ऐकू येतो. ओळखीचा असेल तर हँडसेट उचलून मध्येच बोलता येते, नसेल तर यंत्राला ऐकू द्यावे. पोलीस किंवा सरकारी अधिकारी असल्याची बतावणी करून, ‘डिजिटल अटके’ची भीती घालून वृद्धांकडून लक्षावधी रुपये उकळण्याचे प्रकार गेल्या काही वर्षांत देशभर झाले आहेत. अशी अटक भारतीय कायद्यात अस्तित्वातच नाही. ठगाला हवा असतो समोरचा घाबरलेला माणूस; यंत्र घाबरत नाही, आणि यंत्रावर आपला आवाज ठेवून जाणे ठगाला परवडत नाही. ज्या घरी वृद्ध जोडपे एकटे राहते, तेथे अनोळखी नंबर प्रथम यंत्रालाच घेऊ द्यावा. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितकी त्वरा, तितकी पैसे अडविण्याची शक्यता अधिक.

ज्येष्ठांसाठी संच घेताना बटणे मोठी व उठावदार आहेत ना, पडद्यावरील अक्षर चष्म्याशिवाय वाचता येते ना, आवाज पुरेसा वाढतो ना, आणि श्रवणयंत्र लावूनही बोलता येते ना, हे त्यांच्याच हाती हँडसेट देऊन पाहावे. गादीखाली किंवा देवघरात राहिलेला हँडसेट शोधण्यासाठी बेसवर एक बटण असते. ते दाबले की हँडसेट वाजू लागतो. हे बटण नसलेला संच घेऊ नये. नंबर साठविताना मोबाईल क्रमांकाआधी शून्य घालावे. १५ जानेवारी २०२१ पासून घरच्या फोनवरून मोबाईलला लावताना ते आवश्यक झाले आहे. जुन्या संचात साठविलेले नंबर लागेनासे झाल्याची तक्रार अनेकदा एवढ्या एका शून्यावर येऊन थांबते. तातडीचा ११२ हा क्रमांक मात्र एकाच बटणावर ठेवावा.

तात्पर्य, किमतीची तुलना सर्वांत शेवटी करावी. आधी लाइन कोणती ते पाहावे, मग वीज गेल्यावर काय होईल ते, मग घराच्या भिंती, मग वापरणाऱ्याचे डोळे, कान आणि बोटे. संच घरी आला की लागोपाठ दोन दिवस बाहेरून फोन करून निरोप ठेवून पाहावा, आणि घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला तो स्वतः ऐकता व पुसता येईपर्यंत शिकवावे. पुस्तिका कपाटात ठेवण्यापूर्वी त्यातील चार आवश्यक कृती मोठ्या मराठी अक्षरांत लिहून बेसच्या शेजारी चिकटवाव्यात. एवढे केले, की घंटी वाजल्यावर कोणाला धावावे लागत नाही. ज्याला घ्यावासा वाटेल तो फोन बसल्या जागी घेतो, आणि ज्याला तो जमला नाही त्याचा निरोप त्याची वाट पाहत थांबतो.